टेकडीवरची अब्दागिरी

"चवरीवाल्याला हगवण लागली आहे, भालदाराच्या घरी बारसं आहे आणि निशाणाच्या घोड्याचा नाल निखळला आहे," नारोपंत कारभारी म्हणाले. "तू कसलं निमित्त घेऊन आलास?"

"मी अब्दागिरी घेऊन आलोय जी."

पंतांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. निमित्त नसलेला मानकरी त्या सकाळी त्यांना क्वचितच भेटला असावा. "मग उभा राहा तिकडे सटवाजीजवळ," ते म्हणाले आणि डेऱ्यात शिरले.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. महाराज गेले, काकासाहेब गेले, नारोपंतही गेले. तरी त्या सकाळची आठवण झाली की माझं डोकं अजून तापतं.

रायतळे संस्थानाचे तेव्हा दोन तुकडे झाले होते. थोरले महाराज वारले आणि गादीवर त्यांचे चिरंजीव हैबतराव बसले. हे हैबतरावांच्या सख्ख्या चुलत्यांना, तुळाजीराव काकासाहेबांना, पसंत पडलं नाही. निम्मी फौज पुतण्याकडे राहिली, निम्मी चुलत्याकडे गेली आणि मानकरी पोट धरून घरी बसले. कोण जिंकतो ते कळलं की त्यांची पोटं बरी होणार होती.

खरं तर असं घरी बसायची सोय नव्हती. दर दसऱ्याला भरदरबारात चोपदार ओरडून सांगायचा, की महाराज स्वारीवर असताना जो मानकरी त्यांच्या पाठीशी हजर नसेल त्याचं वतन खालसा होईल. मग आम्ही एकेक जण गादीच्या कडेला हात लावून "हजर" म्हणायचो. आमच्या घराचा मान अब्दागिरीचा. त्या मानापोटी नदीकाठची काळी जमीन होती आणि तिच्यावर घरातली सगळी तोंडं जगत होती. निघताना आबा, म्हणजे माझे वडील, मला एवढंच म्हणाले होते, "रखमाजी, काय वाटंल ते होऊ दे, पाठ सोडू नगंस."

म्हणून मी आलो होतो. आणि माझ्याशिवाय आला होता तो नेमका सटवाजी पानदाने.

सटवाजीचं घर महाराजांच्या पानदानाचं मानकरी. माझ्या आजोबांच्या अब्दागिरीची काठी एकदा दसऱ्याच्या मिरवणुकीत त्याच्या आजोबांच्या पानदानाला लागली आणि महाराजांचे विडे धुळीत पडले. तेव्हापासून आमची दोन घरं एकमेकांशी बोलत नव्हती. महाराजांच्या मागे आम्ही जन्मभर हातभर अंतरावर उभे राहायचो, पण मी शिंकलो तरी सटवाजी तोंड फिरवायचा. आमच्या घरी विडासुद्धा परगावच्या तांबोळ्याकडून यायचा, त्याच्या गल्लीतल्या तांबोळ्याकडून नव्हे.

तो दगडावर बसला होता, मांडीवर चांदीचं पानदान घेऊन. गोल, जाडजूड, कपाळावर घाम. मी शेजारी उभा राहिलो तसा तो सरकून बसला, पण बोलला नाही. मीही नाही बोललो.

थोड्या वेळाने आम्हा दोघांना आत बोलावणं आलं.

आत महाराज उभे होते, पण मला ते आधी ओळखूच आले नाहीत. अंगात साध्या बारगिराची जाडीभरडी बाराबंदी, डोक्याला मळकं मुंडासं. बाराबंदीचे बंद त्यांनी उलटेच बांधले होते. जन्मात कधी स्वतःच्या हाताने बांधले नव्हते, त्याला ते तरी काय करणार! त्यांचा जरीचा अंगरखा नारोपंतांच्या हातात होता.

"सटवाजी, हा घाल बरं," पंत म्हणाले.

सटवाजीने पानदान खाली ठेवलं आणि अंगरखा चढवला. तो त्याला असा बसला, की शिंप्याने मापच त्याचं घेतलं असावं. सगळ्या संस्थानात तो अंगरखा अंगात शिरेल असा महाराजांखेरीज हा एकच माणूस होता.

पंतांनी मग बेत सांगितला. फौज अपुरी पडली होती. महाराज मागच्या ओढ्याने चार स्वारांबरोबर गडावर जाणार होते. पण ते गेल्याचं काकासाहेबांना दिवस मावळेपर्यंत कळता कामा नये. कळलं तर वाटेतच गाठतील. म्हणून टेकडीवर, नदीपलीकडून दिसेल असं, महाराजांचं आसन मांडायचं. आसनावर सटवाजीने बसायचं आणि अब्दागिरी मी धरायची.

"अब्दागिरी दिसली म्हणजे महाराज आहेत," पंत म्हणाले. "काकासाहेब तीच बघत असतील."

मला हे मुळीच पटलं नाही. "पंत, महाराज जानार तिकडं मला जायला पाहिजे. म्या पाठ सोडली तर दसऱ्याला काय सांगू? आमचं वतन जाईल!"

"अरे, तुला अब्दागिरी घेऊन ओढ्यातून पळायचंय का?" पंत चिडले. "झाडाझुडपातून जरीचं झापड वर काढून?"

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मला जास्त राग आला. तेव्हा महाराज पुढे झाले. चोविशीतला पोरसवदा माणूस. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"रखमाजी, तुझी हजेरी आमच्यापाशी लागली. सटवाजी, तुझीही. आमचा शब्द आहे."

महाराजांच्या शब्दापुढे आणखी काय मागायचं? आम्ही दोघांनी मुजरा केला. जाताना ते दारात अडखळले, कारण पायात बारगिराचे जोडे होते आणि ते त्यांना मोठे होत होते.

टेकडीवर आसन मांडलं. सटवाजी तक्क्याला टेकून बसला. खाली आमची उरलीसुरली फौज नदीचा उतार धरून होती आणि पलीकडे पूर्वेला काकासाहेबांचे लोक मुंग्यांसारखे दिसत होते.

अब्दागिरी म्हणजे छत्री नव्हे, हे इथे सांगायला हवं. लांब काठीच्या टोकाला पिंपळपानासारखं जरीचं झापड असतं. ते डोक्यावर धरत नाहीत, उन्हाच्या बाजूला उभं धरतात. ऊन जिकडून असेल तिकडे अब्दागिऱ्या उभा राहतो. लहानपणी आबांनी मला अंगणात पालथ्या घातलेल्या उखळावर दिवसभर सावली धरायला लावली होती. उखळाच्या तोंडाला ऊन लागलं की पाठीत धपाटा बसायचा.

तर सकाळी ऊन पूर्वेचं. म्हणजे मी सटवाजीच्या पूर्वेला, त्याच्या आणि काकासाहेबांच्या बंदुकांच्या मधोमध. पहिली गोळी आमच्या खाली दगडावर आपटली तेव्हा माझी काठी कलली.

"सरळ धर," मागून आवाज आला. "कानावर ऊन येतंय."

तीन पिढ्यांनंतर पानदान्याच्या घरातून अब्दागिऱ्याच्या घराशी झालेलं हे पहिलं बोलणं.

"गोळ्या येतायत तिकडनं, आनि तुला उनाचं पडलंय?"

"महाराजांच्या कानावर तू कधी ऊन येऊ दिलंस का?"

"तू महाराज न्हाईस."

"आज हाय," सटवाजी म्हणाला आणि तक्क्यावर आणखी ऐसपैस झाला. "पंतांनी सांगितलंय. नीट धर."

मी झापड सरळ केलं. दात ओठ खाल्ले, पण सरळ केलं. पाहणारा पलीकडे दुर्बीण लावून बसला असणार, आणि महाराजांच्या कानावर ऊन पडलेलं त्याला खटकलं असतं, हे मलाही कळत होतं.

हळूहळू सटवाजी रंगात आला. पानदान उघडून त्याने विडा लावला आणि स्वतःच खाल्ला. "जन्म गेला लावन्यात," तो म्हणाला. "खायचा आजच जमला." मग म्हणाला, "तुज्या आज्यानं आमचं पानदान मुद्दाम पाडलं."

"मुद्दाम न्हाई. तुजा आजा वाट सोडून चालला व्हता."

"आमचा आजा कशाला वाट सोडंल? तुजा आजाच चकणा व्हता."

माझे आजोबा चकणे होते, हे मला नाकारता येईना. थोड्या वेळाने मागून खुदखुद ऐकू आली आणि मग मलाही हसू आवरेना. खाली माणसं मरत होती, गोळ्या दगडांवर आपटत होत्या आणि आम्ही दोघे आजोबांच्या डोळ्यांवरून हसत होतो. त्याने एक विडा लावून माझ्यापुढे धरला. माझे दोन्ही हात काठीला होते, म्हणून त्याने तो माझ्या तोंडात घातला. महाराजांच्या पानदानातला विडा! आबांनी पाहिलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं. विडा मात्र असा झाला होता, की मला परगावच्या तांबोळ्याची कीव आली.

ऊन डोक्यावर आलं आणि मग पश्चिमेला कलायला लागलं.

"रखमाजी, मानेवर ऊन आलं," सटवाजी म्हणाला. "बाजू बदल."

मी हललो नाही. पश्चिमेला गेलो तर तो नदीच्या बाजूने उघडा पडणार होता. इतका वेळ निदान मी मध्ये होतो.

"राहू दे थोडं ऊन."

"येडा का काय तू? सूर्य तिकडं आनि अब्दागिरी इकडं? काकासाहेब काय दूधखुळा हाय? म्हनंल, आसनावर उशी ठेवलीय." तो अगदी हळू बोलत होता. "महाराज अजून वाटंतच असतील. बदल बाजू."

"सटवाजी..."

"हुकूम हाय माजा," तो म्हणाला, आणि त्या वेळी तो हसत नव्हता.

मी पश्चिमेला गेलो. झापडाची सावली बरोबर त्याच्या मानेवर पाडली. गोळी लगेच आली नाही. मला वाटायला लागलं होतं, की आता येत नाही, निभावलं. तेवढ्यात सटवाजी "अगं आई" म्हणाला आणि तक्क्यावर मागे रेलला. डाव्या छातीवर जरीमध्ये एक भोक होतं आणि त्याच्या भोवती अंगरखा भिजत चालला होता.

मी काठी खांद्याला टेकवली आणि खाली बसलो. त्याला पाणी पाजलं. त्याने मान हलवली आणि पानदानाकडे बोट केलं. पानदानाला आमच्या घरातल्या कुणी कधी हात लावला नव्हता. मी ते उघडलं आणि पान घेतलं, चुना फासला, कात आणि सुपारी घातली आणि जमेल तशी पुडी करून त्याच्या तोंडात ठेवली. त्याने दोनदा चावली.

"चुना जास्त झाला," सटवाजी म्हणाला.

त्यानंतर तो काही बोलला नाही.

मी पुन्हा उभा राहिलो. काठी उचलली. खालून कुणाला काही कळायला नको होतं, हे तर झालंच. पण खरं सांगायचं तर त्याच्या उघड्या डोळ्यांवर ऊन यायला लागलं होतं आणि ते मला बघवेना. दिवस मावळतीला जाईपर्यंत मी त्याच्यावर सावली धरून उभा होतो.

शेवटी आमची फौज हटली आणि काकासाहेब घोड्यावरून टेकडी चढून आले. पांढऱ्या मिशांचा, ताठ म्हातारा. आसनापाशी उतरले. पुतण्या मेला असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी आधी पागोटं काढलं. मग वाकून तोंड पाहिलं आणि सरळ झाले.

"हा तर पानवाला!" ते म्हणाले. "आणि हैबती?"

मी काठी तशीच धरून ठेवली. पश्चिमेकडे गडाच्या वाटेवर आता सावल्या पडल्या होत्या. काकासाहेबांनी तिकडे पाहिलं आणि हसायला लागले.

"पळाला! आणि तू इथे मेलेल्या पानवाल्यावर सावली धरून उभा! आण इकडे ती अब्दागिरी. चल, आमच्यावर धर. आजपासून महाराज आम्ही."

"हात आखडलाय जी," मी म्हणालो. "वर व्हत न्हाई."

हात आखडला होता हे खरंच होतं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मला वाटलं, आता मुंडकं उडतं.

"हैबती तुला विसरेल," ते म्हणाले. "आम्ही विसरलो नसतो." त्यांच्या माणसांनी माझ्या हातातून काठी ओढून घेतली. मला सोडून दिलं. सटवाजीला घरी न्यायला एक बैलगाडीही दिली.

त्याच्या दारात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. त्याची बायको सगुणाबाई, त्याचा धाकटा भाऊ दमाजी, सगळं घर ओट्यावर. कुणी मला "का आलास" म्हणालं नाही. प्रेताला आंघोळ घालत होते तेवढ्यात नारोपंतांचा माणूस आला आणि सरकारी अंगरखा परत मागायला लागला. रक्ताने भरलेला, भोक पडलेला अंगरखा! मी त्याच्या अंगावर धावून गेलो, पण दमाजीने मला धरलं आणि अंगरखा देऊन टाकला. मला तेव्हा वाटलं, पंत कवडीचुंबक आहेत. जरीचे पैसे सोडवत नाहीत त्यांना.

नंतरची लढाई झालीच नाही. महाराज गडावर सुखरूप पोचले, काकासाहेबांना गड घेता येईना आणि दोन्हीकडचा दाणागोटा संपला. मग आईसाहेबांनी, म्हणजे महाराजांच्या आईने, मध्ये पडून दिराची आणि मुलाची समजूत घातली. गादी महाराजांकडे राहिली, काकासाहेबांना दोन परगणे आणि गादीशेजारी उजव्या हाताला बैठक मिळाली. दोन्हीकडची माणसं मेली ती मेली. घरी बसलेल्या मानकऱ्यांची पोटं एका रात्रीत बरी झाली आणि त्यांची निमित्तं पंतांनी दप्तरात मंजूर करून टाकली. काकासाहेबांनी अब्दागिरी मोठ्या मानाने परत पाठवली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी नारोपंत स्वतः आमच्या घरी आले. आबांनी घोंगडी अंथरली.

"रखमाजी," पंत म्हणाले, "उद्या दरबारात हजेरीचं विचारतील. तू काही बोलू नकोस. वतन खालसा झालं असं मी सांगेन. तू मुजरा कर आणि मागे हो. दोन महिन्यांनी दुसरीकडे जमीन लावून देतो. हिच्यापेक्षा चांगली."

मला काही उमजेना. "पन महाराजांचा शब्द व्हता! हजेरी लागली म्हनाले!"

"लागली रे बाबा. पण कुठे लागली ते सांगता येत नाही ना." पंतांनी आवाज खाली आणला. "महाराज शत्रूची फळी फोडून एकटे गडावर गेले, असं ठरलंय. भाटाने कवन केलंय. आता राजा बारगिराच्या वेशात ओढ्याने गेला असं सांगू का? उद्या कोण मुजरा करील त्याला?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. भाटाने महाराजांना एकटं केलं होतं, आणि ते एकटे होते म्हणजे आम्ही गैरहजर होतो.

"आनि सटवाजी?"

पंतांनी उपरणं सारखं केलं. "पळून जाताना मारला गेला. आता गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"त्याच्या घराला पडतो! सगुणाबाईला जमीन देनार का?"

"एकाला लपवून देता येतं, रखमाजी. दोघांना दिलं की बोभाटा होतो."

ते गेल्यावर मी आबांच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, आबा तरी चिडतील. आबा विझलेल्या चिलमीत काडी फिरवत बसले होते. "महाराजांची अब्रू ती आपली अब्रू," ते म्हणाले. "जमीन मिळतीय न्हवं? गप बस." मी हातातला तांब्या अंगणात भिरकावला. दुसरं काय करणार होतो?

दरबार खच्चून भरला होता. महाराज गादीवर, उजव्या हाताला काकासाहेब. महाराजांच्या अंगात तोच अंगरखा होता. रक्त धुऊन काढलं होतं, भोक मात्र तसंच ठेवलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. भाट उभा राहून गात होता, की गोळी आली, जर फाटली, पण देवाच्या अंशाला शिवली नाही. चवरीवाला, भालदार, निशाणवाला असे सगळे जण माना डोलवत होते. मला तेव्हा कळलं, की पंतांनी अंगरखा जरीच्या पैशांसाठी मागवला नव्हता.

चोपदाराने हजेरीचा नियम ओरडून सांगितला. पंत पुढे झाले.

"महाराजांनी एकट्याने फळी फोडली, तेव्हा पाठीशी अब्दागिरी नव्हती. पानदान नव्हतं. सटवाजी पानदाने पळून जाताना मेला. त्याचं वतन खालसा. रखमाजी अब्दागिरे कुठे होता?"

मुजरा करून मागे व्हायचं, एवढंच काम होतं. मी मुजरा केला. मागे वळणार तेवढ्यात भिंतीशी उभा असलेला दमाजी दिसला. मान खाली, हातात रिकामं पानदान. परत करायला आणलेलं. आणि माझ्या पायांनी मागे जायचं नाकारलं.

"महाराजांच्या पाठीशी व्हतो," मी म्हणालो.

दरबारात कुजबूज झाली. पंतांनी डोळे वटारले. "महाराज गडावर होते!"

"ते मला ठावं न्हाई जी. आमच्या घरात एकच शिकवलंय. अब्दागिरी ज्याच्यावर, तो महाराज. माज्या अब्दागिरीखाली जे महाराज व्हते, ते टेकडीवर पडले. डाव्या छातीत गोळी लागून. पाठीत न्हाई." माझा आवाज चढला होता आणि मला तो आवरायचाही नव्हता. "अंगरखा समोर हाय. भोक कुटं हाय ते ज्यानं त्यानं बघून घ्यावं. अशा भोकाचा मानूस उठून गडावर जात न्हाई."

सगळ्या दरबाराचे डोळे त्या भोकाकडे गेले. आतापर्यंत ते सगळ्यांनी पाहिलं होतं, पण ते नेमकं कुठे आहे याचा हिशेब कुणी केला नव्हता. महाराजांचा हात आपसूक वर आला आणि त्यांनी छातीवरचं भोक झाकलं.

काकासाहेब मिशीतल्या मिशीत हसत होते. "खरं आहे," ते म्हणाले. "आम्ही स्वतः पाहिलं. हिमतीने पडले महाराज. आम्ही पागोटं काढलं होतं त्यांच्यापुढे."

महाराज माझ्याकडे बघत नव्हते. ते दमाजीच्या हातातल्या पानदानाकडे बघत होते. मग ते बोलले.

"पानदान चालू राहील. सटवाजी हजर होता."

"आणि अब्दागिरी?" पंतांनी विचारलं.

"खालसा," महाराज म्हणाले. "ती आमच्यावर नव्हती, असं तोच म्हणतो."

मला राग आला, रडू आलं आणि थोडं हसूही आलं. अब्दागिरी तिथल्या तिथे चवरीवाल्याच्या भावाला दिली. दुसरीकडच्या जमिनीचं पुन्हा कुणी बोललं नाही, आणि आबा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्याच संध्याकाळी सोनं लुटायला मिरवणूक पश्चिमेच्या वेशीकडे निघाली. मी रस्त्याच्या कडेला लोकांत उभा होतो. मावळतीचं ऊन समोरून येत होतं आणि चवरीवाल्याचा भाऊ अब्दागिरी घेऊन महाराजांच्या मागे चालला होता. महाराज डोळे बारीक करून, हाताचा आडोसा करून चालले होते. मागे चालतोय गाढव! माझ्या तोंडावर आलं होतं, की अरे, पुढे हो, ऊन समोरून आहे. मी ओठ घट्ट मिटून घेतले. पोळू दे म्हटलं.

महाराजांच्या मागे दमाजी पानदान घेऊन येत होता. तो माझ्यासमोर आला आणि थांबला. मिरवणुकीत पानदानवाला थांबला की सगळी मिरवणूक थांबते, कारण महाराज पानदान सोडून पुढे जात नाहीत. नगारा थांबला, भालदार वळून बघायला लागले आणि महाराज उन्हात तोंड करून उभे राहिले. दमाजीने सावकाश पानदान उघडलं, वरचा विडा उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"दादा असता तर त्यानंच दिला असता," तो म्हणाला.

मी विडा तोंडात घातला. चुना अगदी बेताचा होता. तरी माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि दमाजी माझं खाऊन होईपर्यंत तिथून हलला नाही.